गुडघ्यावरची निळी पट्टी आणि लाइनवरचं स्टूल

गुडघा माझा होता, पण दवाखान्यात शिरलं की खुर्ची अप्पांना मिळायची.

अप्पा म्हणजे माझे वडील. साठीचे, काटक, रोज सकाळी शिरूर गावातून घोडनदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन येणारे. मी एकोणतीसची. पुण्यातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो, तेव्हा दारातल्या माणसाने अप्पांना धरून आत नेलं आणि म्हणाला, "बाबा, पायजमा वर घ्या. कुठला गुडघा?"

"हिचा," अप्पा म्हणाले.

"हिचा? ह्या वयात?"

पुढचं वर्षभर मी हे दोन शब्द ऐकत होते. शेजारीण म्हणाली, बसमधला कंडक्टर म्हणाला, सख्खी मामी म्हणाली. जणू मी म्हाताऱ्या माणसांच्या रांगेत घुसून त्यांचा आजार पळवला होता.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. कॉलेजात कबड्डी खेळताना माझा उजवा गुडघा पिरगाळला होता, आतली फाटलेली गादी ऑपरेशन करून काढली होती. ती गोष्ट मी विसरले होते. गुडघा विसरला नव्हता. डाव्या गुडघ्यात दोन हाडांच्या मधे फट दिसत होती, उजव्या गुडघ्यात ती जवळजवळ बुजली होती.

"ऑस्टिओआर्थरायटिस," डॉक्टर म्हणाले. "झिजेचा संधिवात. गादी नाही, त्यामुळे लवकर आला."

"गुडघा बदलून मिळतो म्हणतात," अप्पा म्हणाले.

"मिळतो. पण तोही झिजतो. इतक्या लवकर बदलायचा नाही. आहे त्यावर जितकी वर्षं निघतील तितकी काढायची. मांडीचा व्यायाम करा, वजन वाढू देऊ नका, आणि उभं राहणं कमी करा."

मला हसू आलं. डॉक्टरांना वाटलं, मुलगी धीराची आहे.

उभं राहण्याबद्दल

माझी नोकरी उभं राहण्याची होती. कारेगावजवळच्या एका कंपनीत आम्ही गाड्यांसाठी वायरींचे जुडगे बांधायचो. त्याला हार्नेस म्हणतात. समोर तिरका लाकडी बोर्ड, बोर्डावर खिळे. खिळ्यांमधून रंगीत वायरी ओढायच्या आणि वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळत जायचं. आम्ही सगळ्या बायका, सगळ्या कॉन्ट्रॅक्टवर, सगळ्या आठ तास उभ्या. कामात एका जागेवरून हलायचीही गरज नव्हती. बोर्डाच्या उंचीचं स्टूल ठेवलं असतं तरी हात तेवढेच चालले असते.

मी पुण्याहून परतल्यावर सुपरवायझर गव्हाणे सरांकडे स्टूल मागितलं.

"बसल्यावर माणूस ढिला पडतो," ते म्हणाले.

"सर, तुम्ही बसूनच बोलताय."

हे मी म्हणायला नको होतं, असं आईचं मत. पण माझी जीभ घडली तशी घडली. अप्पा शिरूरच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते आणि घरी बिघडलेल्या प्रतींचे गठ्ठे आणायचे. मोर्चाची पत्रकं, हुंडाबंदीची पत्रकं, कुस्त्यांच्या फडाची, मूळव्याधीच्या खात्रीशीर इलाजाची. बाकीच्या पोरी बालभारतीवर वाचायला शिकल्या, मी ह्या पत्रकांवर शिकले. अन्याय दिसला की तोंड उघडायचं हे त्यातूनच आलं, आणि 'खात्रीशीर' हा शब्द दिसला की सावध व्हायचं हेही.

गव्हाणे सरांनी मला बोर्ड बदलून दिला. नवा बोर्ड दाराजवळ होता. उभंच राहायचं, फक्त वाऱ्याला.

सल्ल्यांचे दिवस

ज्यांना गुडघ्याचा त्रास नवा आहे त्यांना आधीच सांगते, आजारापेक्षा सल्ले जास्त थकवतात. लसणाचं तेल. निर्गुडीचा पाला. एरंडाची पानं तव्यावर गरम करून. वरवंडच्या एका आत्याने तांब्याचं कडं पाठवलं. मामीने सांगितलं की वांगी सोड, बटाटा सोड, आंबट सोड. मग खायचं काय, असं विचारलं तर म्हणाली, "बघ, अशी चिडतीस म्हणून वात वाढतोय."

आई रात्री माझा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायची. बरं वाटायचं, ते खोटं का सांगू. पण चोळता चोळता म्हणायची, "बाहेर कुणाला बोलू नको गं. उद्या स्थळ आलं तर म्हणतील, पोरगी लंगडी हाय."

"मग लंगडते तर लंगडते म्हणतील."

"तुझ्या बापानं तुला शिकवलं आन् माझ्या डोक्याला ताप करून ठेवला."

अप्पा आतल्या खोलीतून ऐकायचे आणि खोकायचे.

मला भीती होती ती स्थळाची नव्हती. सकाळी खाटेवरून पाय खाली टाकला की पहिली पावलं मी भिंत धरून टाकायचे, आणि मनात हिशोब चालायचा: आज एकोणतीस, मग चाळीस, मग पन्नास. एवढी वर्षं भिंत कुठून आणायची? कंपनीत उभं राहता आलं नाही तर कॉन्ट्रॅक्टर दुसरी मुलगी आणणार, दारात रांग होतीच. घरात पगार माझाच होता, कारण छापखान्यात कॉम्प्युटर आल्यावर अप्पांचे खिळे कोपऱ्यात पडले होते. म्हणून मला ते स्टूल हवं होतं. दया नको होती, रजा नको होती. बोर्डाच्या उंचीचं एक लोखंडी स्टूल.

दौंडची निळी पट्टी

पुण्याच्या डॉक्टरांनी व्यायामासाठी दौंडच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचं नाव दिलं होतं. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. म्हणून दर गुरुवारी मी शिरूरहून न्हावरा, चौफुला, वरवंड, पाटस असं करत एसटीने दौंडला जायचे. एसटीची पहिली पायरी कुणी ठरवली त्याला एकदा भेटायचं आहे. त्याच्या गुडघ्याला नक्कीच कधी काही झालं नसणार. मी दांडा धरून डावा पाय टाकायचे, उजवा मागून ओढून घ्यायचे, आणि मागचा माणूस म्हणायचा, "चला की ताई, झोपला काय?"

मॅडम माझ्याच वयाच्या. रेल्वे स्टेशनच्या बाजूला एका गाळ्यात त्यांचं क्लिनिक. पहिल्या महिन्यात फक्त व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ उचलायचा, धरायचा, सोडायचा. दुखायचं म्हणून मी टाळायचे. मॅडमना मांडी बघूनच कळायचं.

मग एका गुरुवारी त्यांनी एक निळा रोल काढला. कापडाची चिकट पट्टी, रबरासारखी ताणणारी. टीव्हीवर खेळाडूंच्या खांद्यावर असते तशी. रोलबरोबर एक रंगीत पत्रक होतं. मी सवयीने आधी ते वाचलं. 'वेदनेपासून तत्काळ मुक्ती!' खाली हसणारी बाई टेकडी चढत होती.

"मॅडम, हे खोटं आहे," मी म्हणाले.

"आहे," त्या म्हणाल्या आणि पत्रक घेऊन कचऱ्यात टाकलं. "ह्या पट्टीने झीज भरून येत नाही. काहींना दुखणं कमी वाटतं, काहींना काहीच वाटत नाही. कमी वाटलं तर तेवढ्या वेळात तुम्ही व्यायाम करायचा. ती व्यायामासाठी आहे, बाकी कशासाठी नाही. लावायची का?"

इतक्या महिन्यांत खात्री न देणारं हे पहिलं माणूस भेटलं होतं. म्हणून मी हो म्हणाले.

आधी एक छोटा तुकडा लावून कातडीला खाज येते का ते बघितलं. पुढच्या गुरुवारी पाय पुसून, गुडघा वाकवून पट्टी लावली. मांडीवरून सरळ खाली, आणि पुढे चिरून दोन फाटे करून वाटीच्या दोन्ही बाजूंनी. मी आठ तास टेप गुंडाळणारी बाई. माझ्या हाताला राहवेना.

"आवळा ना जरा," मी म्हणाले.

"आवळायची नाही. गोल तर अजिबात गुंडाळायची नाही. रक्त अडतं. कातडीवर नुसती बसली पाहिजे."

असल्या ढिल्या पट्टीने काय होणार, असं मनात म्हणत मी परतीच्या बसमध्ये बसले. शिरूरला स्टँडवर उतरताना सगळा भार उजव्या गुडघ्यावर टाकून डावा पाय आधी खाली गेला. मी ठरवलं नव्हतं, तो गेला. दुखलं, पण नेहमीसारखी आत सुरी फिरली नाही. मी स्टँडवर उभी राहून पायाकडे बघत होते. मागचा माणूस म्हणाला, "चला की ताई." ह्या खेपेला मला राग आला नाही.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा रोज व्यायाम केला. पट्टी चार-पाच दिवस टिकायची. अंघोळ चालायची, वरून टॉवेलने नुसतं टिपायचं. काढताना खोबरेल लावून हळूहळू, केसांच्या दिशेने. ज्यांना उपयोग आहे त्यांच्यासाठी एवढं पुरे. बाकी मॅडमसारख्या कुणाकडून लावून घ्या आणि स्वतःची अक्कल चालवू नका. का, ते पुढे येतंच.

पट्टी लागली, मग स्टूल कशाला

माझी चाल सुधारली हे सगळ्यात आधी गव्हाणे सरांना दिसलं.

"काय वैशाली, पाय भारी पडतोय आता!"

"पट्टी लावलीये सर. स्टूलचं काय झालं?"

"पट्टी लागली ना? मग स्टूल कशाला? पट्टीवर चाललंय की मस्त."

जी पट्टी मला व्यायाम करता यावा म्हणून होती, ती आता मला उभं ठेवायच्या कामी लागली होती. मी त्यांना समजावलं. दोनदा समजावलं. ते मान हलवत होते आणि नजर घड्याळाकडे. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाइनवर सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्यांचे पाय दुखतात त्यांनी वैशालीसारखी पट्टी लावा. उपाय असतो प्रत्येक गोष्टीला."

बायकांनी ऐकलं. आणि आमच्या बायका सांगितलेलं काम चोख करतात.

दोन-तीन दिवसांनी सुट्टीच्या वेळी कपडे बदलायच्या खोलीत शमीमआपा बाकावर बसून कण्हत होत्या. शमीमआपा माझ्या शेजारच्या बोर्डवर. शिरूरच्याच, नवऱ्याचं बाजारपेठेत शिलाईचं दुकान, वय पंचेचाळीसच्या पुढे. टेप गुंडाळण्यात सगळ्या लाइनीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी सलवार वर केली. गुडघ्याभोवती लाइनवरची काळी इन्सुलेशन टेप होती. गोल, अर्धी-अर्धी चढवत, एकही सुरकुती नाही. हार्नेसला गुंडाळतो अगदी तशी. खालची पिंढरी सुजून टंब झाली होती.

"आपा! हे काय केलंत?"

"तुझ्यागत पट्टी लावली की. दोन दिस झाले, आज पाय बधिरच झालाय बघ."

"अहो ही वायरीची टेप आहे! आणि एवढी आवळलीत कशाला?"

"आवळल्याबिगर धरंल कशी? ढिली गुंडाळली तर क्वालिटीवाला पीस रिजेक्ट करतो."

"गुडघा म्हणजे पीस आहे का?"

"मंग काय हाय? सायबाला इचार."

मागून हसण्याचा आवाज आला. वळून बघितलं तर आणखी दोघींनी सलवारी वर घेतल्या होत्या. काळे गुडघे. एकीने तर टेपच्या शेवटाला आम्ही लावतो तसं हिरवं 'ओके' स्टिकर लावलं होतं.

मी इतकी चिडले की कुणावर चिडले तेच कळेना. खोबरेल नव्हतं, कुणाच्या तरी डब्यातलं लोणच्याचं तेल बोटाने लावून आम्ही ती टेप सोडवली. आपांच्या गुडघ्यामागची कातडी टेपबरोबर निघून आली. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "नमाजाला खाली बसले की उठवत न्हाई गं. पोराला हाक मारावी लागती. म्हणून लावली."

त्यांच्या जखमेची बातमी ऑफिसात पोचली. चौकशी झाली. कशाची? कंपनीची टेप वैयक्तिक वापरासाठी कुणी नेली, याची.

एक स्टूल

पुढच्या गुरुवारी आपांना घेऊन मी दौंडला गेले. मॅडमनी जखम बघितली, कपाळाला हात लावला, मलमपट्टी केली आणि निळी पट्टी लावायला साफ नकार दिला. "कातडी भरेपर्यंत काही नाही. आणि दोघींनीही बसून काम करायचं. त्याशिवाय पट्टी लावा नाहीतर सोनं लावा, उपयोग नाही."

"हे तुम्ही आमच्या सायबाला सांगा की," आपा म्हणाल्या.

मॅडमनी खरंच फोन लावला. ऑफिसातल्या कुणाशी तरी बोलल्या, तेही चढ्या आवाजात. एका बाहेरच्या डॉक्टरीणबाईला जखमेची हकीकत माहीत आहे, एवढं त्या ऑफिसला पुरलं. सोमवारी माझ्या बोर्डासमोर स्टूल होतं. उंच, लोखंडी, वर लाल रेक्झिन. मी मागितलं होतं अगदी तसं.

"फक्त तुला," गव्हाणे सर म्हणाले. "तुझा एक्स-रे आहे. मेडिकल केस. बाकी कुणी टेकायचं नाही."

आपांचा एक्स-रे नव्हता, कारण आपा कधी डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या. त्या शेजारी एका पायावर भार देऊन उभ्या होत्या.

मी बसले नाही. दिवसभर त्या स्टूलच्या शेजारी उभी राहिले. संध्याकाळी गुडघा भाकरीसारखा फुगला.

घरी अप्पा म्हणाले, "बरोबर केलंस. सगळ्यांना मिळेपर्यंत एकटीनं बसायचं नाही." त्यांचे डोळे चमकत होते. पत्रकाचा मसुदा त्यांच्या डोक्यात तयार होत होता, मला दिसत होतं.

आई तेलाची वाटी घेऊन आली आणि ती अप्पांच्या समोर आपटली. "तुमचं तत्त्व तुमच्या गुडघ्यावर घ्या. तिच्या का?"

अप्पांनी वाटी उचलून माझ्यापुढे सरकवली. दोघांचंही मला पटत होतं, आणि त्याचाच सगळ्यात जास्त वैताग आला होता.

दुसऱ्या दिवशीही मी उभीच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपांनी बघितलं. मग त्यांनी हातातला रोल बोर्डाला अडकवला, स्टूल पायाने माझ्यामागे ढकललं आणि म्हणाल्या, "बस."

"आपा, तुम्ही उभ्या असताना मी—"

"तू उभी ऱ्हायलीस तर माझा पाय ऱ्हातो का दुखायचा? उद्या साहेब म्हनंल, बघा, स्टूल दिलं तरी बसत न्हाईत, गरजच न्हाई. आन् घेऊन जाईल. बस म्हणते ना! शिकलेली पोरगी आन् डोकं बोर्डाचं."

मी बसले. लाज वाटत होती. गुडघ्याला वाटत नव्हती. भार उतरला तसा तो आतून सैल झाला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी टेपचा रोल धरलेल्या हाताने पुसलं. हात चालूच होते. जुडगे नेहमीएवढेच होत होते.

थोड्या वेळाने आपांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "ऊठ. आता माझा नंबर."

"सर म्हणाले होते..."

"सर पलीकडच्या लाइनीला हायेत. ऊठ."

मी उठले. आपा बसल्या. त्यांच्यानंतर ओके स्टिकरवाली बसली, मग तिच्या पलीकडची. स्टूल लाइनीवरून पायापायाने सरकत गेलं. दुपारी गव्हाणे सर आले तेव्हा ते पार शेवटच्या बोर्डावर होतं. ते स्टूलकडे बघत उभे राहिले, मग दिवसाच्या तयार मालाच्या क्रेटकडे. क्रेट भरलेले होते.

"हे काय चाललंय? मेडिकल केस कोण आहे इथं?"

शेवटच्या बोर्डावरच्या मुलीने बसल्याबसल्याच हात वर केला. मग तिच्या अलीकडचीने. मग ओके स्टिकरवालीने, मग आपांनी, आणि मग, निळी पट्टी लावलेल्या पायावर उभी राहून, मी.